गळ्यातली थोरली

रखमाबाई कालवण वाढायला वाकली आणि उत्तमला दिसलं, की तिच्या गळ्यातल्या आईला नाक आहे.

कालवलेला भात हातातच राहिला. कोळंबीचा लालसर रस्सा भातावरून ओघळत पानाच्या कडेपर्यंत गेला तरी त्याला ‘पुरे’ म्हणायचं सुचलं नाही. “अरे, बास तरी म्हण,” रखमाबाई म्हणाली आणि वाडगा घेऊन सरळ झाली. तसा तो टाक काळ्या मण्यांच्या खाली तिच्या छातीवर आपटून स्थिर झाला. चांदीचा, चिंचोक्यापेक्षा थोडा मोठा, नवा कोरा. सरळ, धारदार नाक. नाकात नथ. नथीचे मोतीसुद्धा वेगवेगळे दिसत होते. वर दोन वाटोळे डोळे, सारखे, उघडे, समोर बघणारे. असं तोंड त्यानं त्या गळ्यात कधी पाहिलं नव्हतं. ठाण्याहून कल्याणपर्यंतच्या आगगाडीत तो एकच वाक्य जुळवत आला होता. ‘मावशी, तो टाक काही आता परत येत नाही.’ पुढचं काय बोलायचं तेही त्यानं ठरवलं होतं, मागचं काय बोलायचं तेही. दारात पाय ठेवल्यापासून कुणी त्याला काही विचारलंच नव्हतं. हातपाय धू, पाटावर बस, वाळलास किती, एवढंच. आणि आता हे नाक.

कल्याणच्या सोनारआळीत, आणि तिथंच कशाला, आसपासच्या कितीतरी घरांत, बिजवराशी लग्न लागलेल्या मुलीच्या गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीनं आणखी एक वस्तू पडते. आधीच्या, मेलेल्या बायकोचा टाक. देव्हाऱ्यात देवांचे आणि पूर्वजांचे टाक असतात तसाच, फक्त तो देव्हाऱ्यात न बसता नव्या बायकोच्या गळ्यात बसतो. नवं लुगडं आलं की आधी त्याला टेकवायचं आणि मग नेसायचं. कपाळाला लावायच्या आधी कुंकवाचं बोट त्याला लावायचं. जेवताना पहिला घास त्याच्यासमोर धरायचा. असं केलं म्हणजे थोरली शांत राहते, धाकटीच्या संसारात लुडबूड करत नाही, तिच्या पोटापाण्याला नजर लावत नाही. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण दुसरेपणावर दिलेल्या प्रत्येक मुलीला तिच्या आईनं निघताना कानात सांगितलेलं असतं. टाक गळ्यातून उतरवायचा नाही. न्हाताना नाही, बाळंतपणात नाही, कधीच नाही.

उत्तमला हे सगळं फार उशिरा कळलं. त्याला आधी कळलं होतं ते इतकंच, की आई मावशीच्या, म्हणजे सावत्र आई रखमाबाईच्या, गळ्यात असते. आई गेली तेव्हा तो पाळण्यातून नुकता उतरलेला. तात्यांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, त्याला ठाण्याला नौपाड्यात मामाकडे पोचवला आणि वर्षाच्या आत रखमाबाईला घरात आणली. मामा कलेक्टर कचेरीत कारकून. त्याच्या घरात ऐरण नव्हती, सोनाराची शेगडी, बागेसरी, नव्हती, सोनारकीचा आवाजही नव्हता. संध्याकाळी मामी मुलांना घेऊन मासुंदा तलावाच्या काठी बसायची, आणि उत्तमनं आईबद्दल काही विचारलं की म्हणायची, “तुझी आई ना? तुझ्या सावत्र आईच्या गळ्यात आहे. दिवाळीला जाशील तेव्हा बघ.” मग दिवाळीला कल्याणला गेलं की तो पहिलं ते बघायचा. “आईचं तोंड दाखव.” रखमाबाई हातातलं काम टाकून त्याच्यापुढं उकिडवी बसायची, टाक बोटांत धरून त्याच्या डोळ्यांसमोर आणायची. तिच्या अंगाला चुलीचा आणि खोबरेल तेलाचा वास यायचा. त्या वासाचा त्याला राग यायचा, कारण तो वास आईच्या आड यायचा. पण चांदी लख्ख असायची. लख्ख चांदीत एक बाई होती. तिला नाक नव्हतं, नाकाच्या जागी हलकासा उंचवटा. एक डोळा खोल, दुसरा जवळजवळ पुसलेला, जणू ती अर्धी झोपेत त्याच्याकडे बघते आहे. ओठांची एकच पुसट रेघ, एका बाजूला किंचित खाली गेलेली. त्याला वाटायचं, आपण जवळ नाही म्हणून ती तशी दिसते. दर दिवाळीला ती थोडी अधिक पुसट, अधिक मऊ झालेली असायची, आणि त्याला वाटायचं, आई आपल्या काळजीनं खंगत चालली आहे. मोठा झाल्यावर असल्या गोष्टींना तो हसला असता. पण ही गोष्ट त्यानं कधी काढून पाहिलीच नाही. ती आत तशीच राहिली, आणि तिच्यावर बाकीचा उत्तम वाढत गेला.

तात्या कसलेले सोनार. त्यांनी हा चेहरा घडवला म्हणजे आठवून घडवला असणार, मेलेल्या बायकोचं तोंड डोळ्यांसमोर आणून, हातोडीनं एकेक ठोका घालत. ही कल्पनाही त्यानं कधी तपासली नाही. चित्रं काढायचा नाद लागला, मामाच्या साहेबानं एकदा त्याची पाटी पाहिली, आणि शेवटी मुंबईच्या कलाशाळेत नाव दाखल झालं. तेव्हाही त्याला मनातून पक्कं ठाऊक होतं, की आपला हात तात्यांकडून आलाय. त्या एका चेहऱ्यातून आलाय.

“विलायतेला गेलं म्हणे तुझं काम!” तात्या समोरून म्हणाले. ते मोठ्या चवीनं जेवत होते. कोळंबीची साल काढायची त्यांची हातोटी बघण्यासारखी होती. एक चिमटा आणि साल बाजूला. “पारनाक्यावर सगळ्यांना सांगितलं मी. आमच्या उत्तमनं घडवलेला दागिना राणीच्या राज्यात मांडणार. एकजण विचारतो, वजन किती? म्हटलं, अरे गाढवा, तिकडे वजन नाही बघत, काम बघतात.”

“हो तात्या.”

“आणि जुना टाकही गेला त्याच्याबरोबर. मामा सांगत होता.”

म्हणजे मामानं सांगून टाकलं होतं. उत्तमनं रखमाबाईकडे पाहिलं. ती चुलीकडे तोंड करून भाकरी थापत होती. भाकरीवरचे थापे ना चुकले, ना थांबले. “हो,” तो म्हणाला. “शाळेच्या साहेबांनी ठेवून घेतला. नमुना म्हणून.”

“मग बरंच झालं की!” तात्या हसले. “आता तर नवा आहे.”

नवा. उत्तमनं भाताचा घास तोंडात घातला आणि चावत राहिला. गाडीत जुळवलेली वाक्यं सगळी निकामी झाली होती. उलट आता वेगळाच प्रश्न उभा राहिला होता, आणि तो विचारायची त्याला भीती वाटत होती. नवा केला, तर आठवून केला. आठवून केला, तर आईला नाक आहे. सरळ, धारदार, नथीचं नाक. मग त्यानं दागिन्यात घडवलेलं ते नाक कुणाचं होतं?

ते त्याचंच होतं. श्रावणात शाळेत साहेबानं वर्गाला काम दिलं होतं. प्रत्येकानं एक दागिना काढायचा आणि स्वतःच्या हातानं घडवायचा. कपाटातल्या नमुन्यांची नक्कल चालणार नाही, आपल्या घरातलं, आपल्या देशातलं काहीतरी हवं. वर्गात कुणी कमळ काढलं, कुणी हंस. ठाण्याचा युजीन, तलावाजवळच्या चर्चच्या मागं राहायचा, त्यानं पोवळ्यांच्या माळेत क्रूस काढला आणि वर त्याच्या गावच्या बायका घालतात तशी फुलं काढली. उत्तमनं माळ काढली, मधोमध पदक, पदकात आई. त्यासाठी टाक समोर हवा होता. नागपंचमीला तो कल्याणला आला आणि परसात पाण्याच्या हंड्यांमध्ये उभ्या असलेल्या रखमाबाईला म्हणाला, “मावशी, तो टाक मला दसऱ्यापर्यंत दे.”

ती आधी हसली. थट्टा करतोय असंच वाटलं तिला. मग तिचा हात छातीशी गेला. “गळ्यातून काढायची नाही रे तिला.”

“काही होत नाही.”

“तुला काय ठाऊक काय होतं? लग्नात अडकवली तेव्हापासून उतरवली नाही. दोन पोरं गेली माझी, तेव्हासुद्धा नाही. सासूबाई म्हणाल्या, नीट सांभाळत नसशील. तेव्हापासून तर डोळ्यात तेल घालून...” पुढचं तिनं गिळलं. “दुसरं काहीतरी काढ. वाकी काढ. माझी वाकी देते.”

आणि मग तो म्हणाला होता, “ती माझी आई आहे. तुझी कोण लागते ती?”

आता पाटावर बसून, समोर तात्या कोळंबी सोलत असताना, हे वाक्य त्याला स्वतःच्या आवाजात जसंच्या तसं ऐकू आलं. फार मोठ्यानं म्हटलं नव्हतं. समजावल्यासारखंच म्हटलं होतं, शाळेत शिकलेला मुलगा घरच्यांना समजावतो तसं. रखमाबाईनं हंडा खाली ठेवला, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि मान वाकवून टाकाच्या दोऱ्याची गाठ सोडायला लागली. गाठ इतक्या वर्षांची, सुटेना. तिनं दातांनी सोडवली. टाक हातावर ठेवताना म्हणाली, “एकटी नको ठेवूस तिला. जेवताना पुढं काहीतरी धर. भात धर, नाहीतर पाणी. तिला सवय आहे.” तो बरं म्हणाला होता. एक दिवस मामाच्या घरी त्यानं चोरून भाताचं शीत टाकासमोर धरलंही. मग टाक शाळेत गेला, मेणाच्या गोळ्यांशेजारी, खणात, आणि ते राहून गेलं.

भाद्रपद, आश्विन, रोज तो त्या चेहऱ्याशी बसायचा. आधी कागदावर, मग मेणात, मग चांदीत. खोल डोळा, पुसट डोळा, खाली गेलेली ओठांची कड. कडा धारदार होऊ द्यायच्या नाहीत, हीच सगळी मेहनत. धारदार कडा करणं सोपं असतं, हात आपोआप करतो. मऊ कडा करायला थांबावं लागतं. कुठं थांबायचं ते त्याला त्या चेहऱ्यानंच शिकवलं. नाकापाशी मात्र तो अडला. आईला नाक नाही असं कसं चालेल? शेवटी मामाच्या दाढीच्या आरशात बघून त्यानं आपलंच नाक दिलं. मुलगा आईवर जातो, असं सगळे म्हणतात. नाक बसवलं तेव्हा आत काहीतरी भरून आलं होतं. आता ते आठवून त्याची कानशिलं तापली.

साहेब पदक हातात घेऊन खिडकीपाशी गेला होता. कितीतरी वेळ गेला होता. दौलतराव मास्तर, वर्गाचे देशी मास्तर, बाजूला हात बांधून उभे. साहेब इंग्रजीत काहीतरी म्हणाला. उत्तमला समजलं होतं, तरी दौलतरावांनी मराठीत सांगितलंच. त्यांना ती सवय होती. “साहेब म्हणतात, ह्या देशातले कारागीर चेहरा करतात तो ठशासारखा करतात. हा तसा नाही. ह्यात दुःख आहे. हे कुठून आणलंस?”

“माझ्या आईचा चेहरा आहे,” उत्तम म्हणाला होता.

साहेबानं मान डोलावली, टाक मागितला, पदकाशेजारी धरला. दोन्ही विलायतेच्या प्रदर्शनात जाऊ देत म्हणाला, जुनं आणि नवं शेजारी शेजारी. जुनं इथल्या लोकांचं, नवं शाळेचं. प्रदर्शन संपल्यावर तिथल्याच संग्रहात राहील. दौलतरावांनी डोळ्यांनी खूण केली, हो म्हण. हो म्हणायला एक क्षण लागतो, नाही म्हणायलाही तेवढाच. उत्तम हो म्हणाला. त्यानंतर बाहेर जिन्यावर युजीननं त्याला धरलं. “अरे पण ती तुझी आयस ना? आयशीला पेटीत घालून बोटीवर चढवलीस? माझी आयस असती तर मला चुलीत घालती.” आणि मग त्याचा चेहरा पाहून, “बरं बरं, रडू नको. तिकडे मेमसायबी बघतील तिला. माझा क्रूस बघ, इथंच राहिला, भिंतीवर धूळ खाईल.” युजीन हसत होता. उत्तमलाही हसू आलं होतं. खरं सांगायचं तर तेव्हा त्याला वाईट वाटतच नव्हतं. छातीत असं फुगून आलं होतं, की जिना उतरताना पाय पायऱ्यांना लागत नव्हते.

“तात्या,” तो म्हणाला, “नवा कधी केलात?”

“दिवाळीच्या तोंडावर. तू काही यंदा आला नाहीस. बिनटाकाची फिरते म्हणून आळीतल्या बायका कुजबुजायला लागल्या. हीसुद्धा अन्न गोड लागत नाही म्हणून बसायची. म्हटलं, त्यात काय! हे इकडे वरण उतू जाईपर्यंत मारून दिला.”

“मारून दिला?”

“ठशावर.” तात्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं लहान मुलाकडे बघतात. “ठसा आहे ना आपल्याकडे. तुझ्या आजोबांच्या वेळचा. पत्रा ठेवला, शिसं ठेवलं, दोन हातोडे घातले, झालं. जेवण झाल्यावर दाखवतो.”

जेवण झाल्यावर दाखवतो म्हणाले, पण उत्तमनं हात धुवायच्या आधीच ते उठले आणि पडवीतल्या कामाच्या जागेवरून लाकडी पेटी घेऊन आले. आत पितळेचे ठसे होते. खंडोबा, भवानी, वीर, घोडा, पादुका. आणि एक बाई. काळपट पितळेत खोल उतरलेली. नथ, सरळ नाक, वाटोळे डोळे. “हीच. थोरली म्हणूनही हीच, आणि कुणाला देवीचा टाक हवा असला तर नथीखाली जरा रेघ मारली की तीही हीच.” तात्या मनापासून सांगत होते. धंद्यातली गंमत मुलाला सांगायची त्यांना हौस होती, आणि मुलगा जवळ राहिला नाही म्हणून ती राहून गेली होती. “कल्याणातल्या आणि भिवंडीपर्यंतच्या सगळ्या थोरल्या हिच्यातून निघाल्यात. परवा गंगारामाची दुसरी आली ना, तिच्या गळ्यात बघ. हीच.”

“मग आईचं तोंड?”

“तोंड?”

“आईचं तोंड नाही ह्यात?”

“अरे, ह्यात कुणाचं तोंड असतं?” तात्या गोंधळले. खरोखरच गोंधळले. “टाक आहे तो. तोंड कशाला लागतं त्याला?”

उत्तमनं ठसा हातात घेतला. थंड होता, जड होता, आणि आजोबांच्या वेळचा होता, म्हणजे आई जन्माला यायच्या आधीचा. “ती कशी दिसायची?” त्यानं विचारलं. इतक्या वर्षांत हे त्यानं तात्यांना कधीच विचारलं नव्हतं. विचारायची गरजच पडली नव्हती. तात्या हात वाळत आलेले तसेच बसले. त्यांना आठवायचं होतं, हे त्यांच्या कपाळावरून दिसत होतं. “चांगली होती,” ते म्हणाले. “गोरीच म्हणायची. घारी नव्हती.” मग बऱ्याच वेळानं, “उंच होती. माझ्या खांद्याला लागायची.” आणि ते थांबले, चुलीकडे बघितलं. “का रखमा लागते खांद्याला? रखमे, उठ जरा, उभी राहा बघू.”

“जेवायचंय मला अजून,” रखमाबाई म्हणाली. उठली नाही.

तात्यांनी पान खाल्लं आणि माजघरात आडवे झाले. थोड्याच वेळात त्यांचं घोरणं ऐकू यायला लागलं. उत्तम पडवीत ऐरणीपाशी बसून राहिला, गुडघ्यावर ठसा ठेवून. बाहेर आळीत कुणाच्या तरी हातोडीचा बारीक आवाज चालू होता. तो आवाज थांबला की उन्हाचाच आवाज येतोय असं वाटायचं. त्याचा हात, नकळत, शाळेत लागलेल्या सवयीनं, ठशातल्या बाईच्या नाकावर फिरत होता. बोटाला धार लागत होती. मग ती धार कुठं गेली होती? टाक ह्याच ठशातून निघाला असेल, तर नाकासकट निघाला होता. नथीसकट, दोन सारख्या डोळ्यांसकट. मग नाक कुणी काढलं? एक डोळा कुणी पुसला? ओठांची कड कुणी खाली आणली? हे त्याला लगेच समजलं, आणि समजलं तरी त्यानं ते मनात बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं. कुठं दुसरा अर्थ निघतो का, ते शोधत राहिला. निघेना. इतकी वर्षं तो टाक एकाच अंगावर घासत होता.

आत पाण्याचा आवाज झाला, आणि रखमाबाई पडवीत आली. जेवून आली होती, पण जेवल्यासारखी वाटत नव्हती. उंबऱ्यावर बसली. तिच्या हातात नारळाची करवंटी होती, आणि करवंटीत राख आणि चिंचेचा कोळ.

“येणार नाही ना ती?” तिनं विचारलं.

“नाही,” तो म्हणाला.

तिनं मान हलवली. रडली नाही. त्याला वाटलं होतं, रडेल, आणि ती रडली तर तो माफी मागेल, एवढं त्यानं धरून ठेवलं होतं. “ही बघते,” ती गळ्याकडे न बघता म्हणाली. “टक्क बघते सारखी. घास धरला तरी बघते. तिला धरला की कशी डोळा मिटून घ्यायची. हिला मी काय सांगू? ओळख ना पाळख. ही तिसरीच बाई आणून बसवली ह्यांनी माझ्या उरावर.” मग आवाज खाली करून, “पोरं गेली तेव्हा मी तिला बोलले होते रे. वाईट बोलले होते. ऐकून घेतलं तिनं. आता ती तिकडे, आणि ही इकडे. हिला त्यातलं काय ठाऊक?”

“ह्या राखेचं काय?” उत्तमनं विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं.

“घासतेय हिला. रोज घासतेय दुपारची. पण किती वर्षं लागतील, मी असेन का तोवर? तुझ्या वेळेला दर दिवाळीला घासायचे. तू येणार म्हणून. आल्या आल्या पोरगं ‘आईचं तोंड दाखव’ म्हणणार, काळी पडलेली कशी दाखवायची? वसुबारसेला बसायचे, बोट दुखेस्तोवर घासायचे. अंगठ्यानं. हा अंगठा एका बाजूला जास्त चालायचा.” तिनं अंगठा वर धरून दाखवला. डावीकडून उजवीकडे, थोडा खाली. ओठांची कड जिथं गेली होती, तिथं.

उत्तमनं तिच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. दर दिवाळीला. त्याच्यासाठी. साहेब खिडकीशी उभा राहून बघत होता ते दुःख, ती झोपाळू नजर, त्याचं भाद्रपद-आश्विनातलं सगळं शिकणं, थांबायचं कुठं ते. त्याला एकदम फार राग आला. तिचा नाही, तात्यांचाही नाही. कुणाचा ते कळत नव्हतं. आणि रागाच्या खाली एक बारीक, किळसवाणा विचार होता. हे साहेबाला कळलं तर काय होईल? तो विचार आला याची त्याला लाज वाटली, पण विचार गेला नाही.

“तू शिकलायस ना,” रखमाबाई म्हणाली. तिनं मान वाकवली होती आणि गाठ सोडत होती. ही गाठ नवी होती, चटकन सुटली. “हिला तिच्यासारखी करून दे.”

तिनं टाक त्याच्या हातावर ठेवला. अंगाची ऊब होती त्याला. तो तात्यांच्या जागेवर बसला, मांडीवर चामडं ओढलं, बारीक कानस शोधली आणि नाकापासून सुरुवात केली. चांदी मऊ असते. नथ दोनतीन घासांतच गेली. नाक गेलं. मग कानस ठेवून त्यानं तिच्या करवंटीतली राख घेतली आणि अंगठ्यानं, तिनं दाखवलं तसं, डावीकडून उजवीकडे, थोडं खाली. उजवा डोळा विझवायचा, डाव्याला तसाच ठेवायचा. कुठं किती, हे त्याला आठवावं लागलं नाही. बोटांना ठाऊक होतं. खणातल्या त्या चेहऱ्यासमोर बसून जे शिकला होता ते सगळं हातात होतं, आणि हात इतका बिनचूक चालत होता, की मधे एकदा त्याला नुसता आनंदच झाला. काम करणाऱ्याला होतो तसा. मग त्याचं त्यालाच कसंसं झालं. रखमाबाई मधून मधून टाक मागायची, डोळे मिटून अंगठा फिरवायची आणि परत द्यायची. “डोळ्याला अजून आहे.” “हनुवटीशी नको, तिथं ती होती.” “हां, असं.” आळीतली हातोडी थांबली होती. आत तात्यांनी कूस बदलली.

शेवटी त्यानं टाक पाण्यात बुचकळला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि उन्हात धरला. तीच होती. खोल डोळा, पुसट डोळा, खाली गेलेला ओठ. दिवाळीच्या सकाळी लख्ख दिसायची ती. साहेबाच्या हातात शेजारी शेजारी ठेवले असते, तर साहेबालाही जुनी कुठली आणि ही कुठली ते सांगता आलं नसतं. शाळेत वर्षभर केलेल्या कुठल्याही कामापेक्षा हे चांगलं उतरलं होतं. त्यानं तो रखमाबाईसमोर धरला आणि वाट बघत राहिला. आपण वाट बघतोय, हे त्याचं त्याला कळलं.

तिनं बराच वेळ पाहिलं. अंगठा फिरवला. पुन्हा पाहिलं. तिचा चेहरा मऊ झाला, आणि त्याला वाटलं, आता ती हसेल.

“अगदी तशीच झाली,” ती म्हणाली. “कुणालाही कळायचं नाही.” तिनं टाक त्याच्या तळहातावर परत ठेवला आणि त्याची बोटं आपल्या बोटांनी मिटवली. “ही पाठव तुझ्या साहेबाला. त्यांना काय कळतंय? माझी मला परत आणून दे.”

तो मूठ मिटून बसून राहिला. ती उत्तराची वाट बघत उंबऱ्यावर होती, बिनटाकाच्या गळ्यानं. मग दिवेलागणीआधी विहिरीवर बायका जमतात, गळ्याकडे बघतात, हे तिच्या लक्षात आलं असावं. ती उठली, त्याची मूठ उघडून टाक काढून घेतला, आणि आत जाता जाता गळ्यात बांधला.

आत तात्या जागे झाले होते. जांभई देत पडवीत आले, मुलाच्या मांडीवरचं चामडं पाहिलं, त्यात पडलेला चांदीचा कीस पाहिला आणि खूश झाले. “काम केलंस वाटतं काही! बरं झालं. झटकू नको हां, इकडे दे.” त्यांनी चामडं चारी कोपऱ्यांनी अलगद उचललं, कीस मुशीत ओतला, टिचकी मारून शेवटचा कणही पाडला. “गंगारामाच्या सुनेची जोडवी करायचीत उद्या. त्यात जाईल.”